रक्तातली चमचाभर साखर

धडधाकट प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि वाटी-दीड वाटी भात एवढं नेहमीचं जेवण झालं की पुढच्या दोन-तीन तासांत त्यातल्या पिष्टाचं ऐंशीएक ग्रॅम ग्लुकोज आतड्यांतून रक्तात उतरतं. ते सगळं तिथेच साचून राहिलं असतं, तर रक्तातली साखर पंधरा-वीस पटींनी वाढली असती. प्रत्यक्षात निरोगी माणसाची साखर डेसिलिटरमागे ८०-९० मिलिग्रॅमवरून १२०-१३० पर्यंत चढते आणि दोन तासांत पुन्हा खाली येते. रात्री आठला जेवून सकाळी आठपर्यंत पोटात काही गेलं नाही, तरी ती सहसा ७० च्या खाली जात नाही. जेवण कमी-जास्त होतं, कधी उपास घडतो, कधी जागरण, कधी ताप. तरी हा चमचा भरून वाहत नाही आणि रिकामाही होत नाही.

हे सांभाळणारे अवयव मुख्यतः तीन: स्वादुपिंड, यकृत आणि स्नायू. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवतं. त्याच्या इशाऱ्यावर स्नायू ग्लुकोज आत घेतात आणि यकृत ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. यकृतात असा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास मावतो, सगळ्या स्नायूंत मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास. जेवण लांबलं की ग्लुकॅगॉन हे दुसरं संप्रेरक यकृताला साठा मोकळा करायला लावतं, आणि साठा सरत आला की यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवं ग्लुकोज बनवायला घेतं. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, त्यामुळे यकृताला ही कामगिरी टाळता येत नाही. यकृत स्वतः साखर तयार करतं हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्याआधी साखर फक्त अन्नातूनच येते असा समज होता.

तो समज विज्ञानातून गेला, घराघरांतून अजून गेलेला नाही. मधुमेही माणसाची सगळ्यात नेहमीची तक्रार असते, ‘रात्री एकच भाकरी खाल्ली, तरी सकाळची शुगर १६० कशी?’ उत्तर ताटात नसतं. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढू लागतात, त्याबरोबर यकृत साखर सोडतं, आणि इन्सुलिनचा वचक कमी झालेला असेल तर जरुरीपेक्षा जास्त सोडतं. सकाळचा आकडा रात्रीच्या भाकरीपेक्षा यकृताबद्दल जास्त बोलतो. या लेखात मला जे म्हणायचं आहे त्याचं हे पहिलं उदाहरण. रक्तातली साखर आपण ताटापुरती पाहतो. ती स्नायूंची, यकृताची, कंबरेच्या घेराची, झोपेची आणि आपण जन्मण्याआधी आईला काय मिळालं याचीही गोष्ट आहे.

आधी आकड्यांबद्दल, कारण त्यांच्याभोवती गोंधळ फार. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असली तर ठीक, १२६ किंवा जास्त असली तर मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांनी तपासलेली साखर १४० च्या आत हवी. २०० किंवा त्यावर गेली तर मधुमेह. तिसरा आकडा एचबीए१सीचा, ज्याला लोक ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणतात. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत राहतं, ती पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर गेल्या दोन-तीन महिन्यांची नोंद सापडते. तो ५.७ टक्क्यांच्या आत चांगला, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, तपासणी पुन्हा करायची असते.

यातली प्रत्येक तपासणी काहीतरी चुकवते. नुसती उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानलं तर जेवणानंतर होणारी वाढ निसटून जाते. एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. उलट सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो फसवा कमी येतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागात एचबीए१सी डोळे मिटून मान्य करणं धोक्याचं आहे, ते यामुळे. घरचं ग्लुकोमीटर निदानासाठी नाही, रोजच्या देखरेखीसाठी आहे. आणि आंबा सोलून हात न धुता बोट टोचलं तर ते आंब्याची साखर मोजतं. इतक्या साध्या कारणाने घाबरून गोळी वाढवणारे लोक आहेत.

ठीक आणि मधुमेह यांच्या मधल्या पट्टीतल्या माणसांना आपण ‘बॉर्डरला आहे’ म्हणून सोडून देतो, ते मला सगळ्यात घातक वाटतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना नेहमीच्या सल्ल्यापलीकडे काही दिलं नव्हतं, त्यांच्यातले ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या खाण्यापिण्यात आणि हालचालीत पाठपुरावा करून बदल घडवला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने जवळपास तेवढंच साधलं, आणि दोन्ही एकत्र दिल्याने आणखी काही हाती लागलं नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात जीवनशैलीतल्या बदलाने धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. भारतीयांमध्ये घट कमी आणि घसरण वेगवान, हे या दोन अभ्यासांतून उघड दिसतं.

ती वेगवान का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. २०२३ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधल्या पट्टीत आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. शहरीकरण, पैसा आणि तुलनेने वयस्क लोकसंख्या यांनी त्याचा काही भाग उलगडतो. पण जाड नसलेल्या भारतीयाला चाळिशीत, कधी तिशीतच मधुमेह का गाठतो, याचं उत्तर शोधायला पुण्याकडे यावं लागतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नावावर एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं गेलं. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, म्हणजे रूढ कोष्टकाप्रमाणे दोघेही सडसडीत. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. आपल्याकडच्या हडकुळ्या माणसाचंही पोट थोडं सुटलेलं असतं, हातापायांचे स्नायू बारीक असतात. आणि स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज साठवायला जागाही कमी. म्हणूनच आशियाई लोकांसाठी निर्देशांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. शिंप्याची टेप या बाबतीत वजनकाट्यापेक्षा खरं सांगते.

ही ठेवण येते कुठून, हे पाहायला याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आणखी मागे गेले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये त्यांनी लग्न झालेल्या स्त्रियांची नोंद सुरू केली, गरोदर राहण्याआधीपासून. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, स्वतः शेवटी जेवणाऱ्या या बायका. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमची ही तूट शरीराच्या सगळ्या भागांत सारखी वाटली गेली नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान राहिले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकली होती. बाळ दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेलं. गर्भात अन्न अपुरं पडलं की शरीर मेंदू आणि चरबी जपतं, आणि कात्री लागते ती स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांना. साखर सांभाळणारे अवयव हेच तीन.

या अभ्यासातून पुढे आलेल्या दोन गोष्टी महाराष्ट्रातल्या प्रत्येक आशाताईला आणि प्रत्येक सासूला माहीत असायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पहिली, गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळं जन्मतः मोठी होती, आणि फार कष्टाची कामं करणाऱ्यांची लहान. दुसरी, तिथल्या जवळपास दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी१२ कमी आणि फोलेट जास्त असं ज्या आईच्या रक्तात आढळलं, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सगळ्यात जास्त होता. बी१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून, आणि घरातल्या सुनेच्या वाट्याला यातलं काय आणि किती येतं हे आपल्याला ठाऊक आहे. हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळपास निम्मी कमी वजनाची होती, आणि तरीही मुलग्यांमध्ये ३७ टक्के, मुलींमध्ये १८ टक्के जणांच्या साखरेत बिघाड सुरू झाला होता. शेतकऱ्यांची, सडपातळ, वडापाव-पिझ्झाच्या जमान्याने बिघडवली असं म्हणता न येणारी मुलं. मधुमेहाला ‘श्रीमंतांचा आजार’ किंवा ‘चुकीच्या सवयींचा दंड’ म्हणणाऱ्यांनी या आकड्यांसमोर थोडं थांबावं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या उपासमारीत जी मुलं पोटात होती, त्यांची साखर पन्नाशीत अशीच बिघडलेली आढळली. तिथे उपासमार काही महिन्यांची होती. इथे ती पिढ्यान् पिढ्यांची आहे.

आता ताटाकडे वळायला हरकत नाही. साखर की गूळ, हा वाद रक्ताच्या दृष्टीने निकालात निघालेला आहे. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गुळात थोडी खनिजं असतात खरी, पण ती मिळावीत एवढा गूळ खाणं परवडणारं नाही. शहरांत चौकाचौकांत सुरू झालेला गुळाचा चहा चवीसाठी प्यावा, औषध म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या दहा टक्के सांगते, शक्यतो पाच. पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. चार कप गोड चहात ती संपते.

पण चहातली साखर सोडून निश्चिंत झालेल्या माणसाच्या ताटात खरा भार असतो तो भात, पोळी, पोहे, उपमा, साबुदाणा, बटाटा यांचा. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. एकादशीला किंवा नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ आणि केळं असा बेत होतो, तेव्हा साखरेच्या हिशेबात तो उपास उरत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचं कूट आणि दही त्याला थोडा आवर घालतात, एवढंच.

टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हापासून प्रत्येक पदार्थाला एक अंक चिकटवण्याची हौस वाढली. अंकाचा उपयोग आहे, पण मर्यादित. कोकणातला आणि गोव्यातला उकडा तांदूळ पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा तुलनेने सावकाश पचतो. ज्वारीच्या भाकरीत तंतू आहेत, पण भाकरीचं खरं बळ तिच्यासोबत काय येतं यात आहे: पिठलं, मेथीची भाजी, मुळा, डाळ, कांदा. तीच ज्वारी लाह्या किंवा बारीक पिठाच्या पेजेच्या रूपात घेतली तर झरझर रक्तात उतरते. नाचणीचंही तसंच. धान्य चांगलं आहे म्हणून त्याचं गोड सत्त्व चांगलं होत नाही. न्यू यॉर्कमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की तेच जेवण भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि संत्र्याचा रस शेवटी, अशा क्रमाने खाल्लं की साखर कमी चढते. मधुमेहींवर केलेला हा प्रयोग लहान होता, पण त्यामागचं कारण सरळ आहे. तंतू, प्रथिनं आणि स्निग्धांश पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात. कोशिंबीर आणि उसळ आधी, भात नंतर, हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेने ८०० लोकांना यंत्र लावून पाहिलं, तेव्हा एकच पदार्थ दोन माणसांच्या रक्तात अगदी वेगवेगळा वागताना दिसला. त्यामुळे ‘आमच्या शेजाऱ्यांना केळं चालतं’ या पुराव्याला फारसा अर्थ नाही.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जेवणाच्या वेळांवरून दोन तट पडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं, आणि रोज ४५ मिनिटं चालायला. ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या वेळाने, घरचं, आपल्या मातीतलं खाण्यावर. दोन्ही बाजूंनी हजारो लोक आहेत आणि दोन्हींकडे बरं वाटल्याचे अनुभव आहेत. मला त्यातली समान बाजू जास्त महत्त्वाची वाटते. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं, खारी, फरसाण, पाकिटातला खाऊ हे दोन्हींकडे वर्ज्य आहे, आणि वजन उतरलं की साखर उतरते हे दोन्हींकडे घडतं. घड्याळापेक्षा हे जास्त मोलाचं. एक इशारा मात्र ठासून द्यायला हवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण वगळलं तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरकाप, गोंधळ, अगदी बेशुद्धीही येऊ शकते. उपासाच्या महिन्यात असे रुग्ण दवाखान्यात येतात. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर म्हणजे तीन चमचे पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

याच्या उलट टोकाला ‘माझी शुगर लो होते’ असं म्हणणारी धडधाकट माणसं आहेत. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाची साखर खरोखर धोक्याइतकी उतरणं दुर्मीळ असतं. १९३८ मध्ये ॲलन व्हिपल या शल्यविशारदाने त्यासाठी तीन अटी घातल्या, त्या आजही लागू आहेत: लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर कमी हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. अकराच्या सुमारास येणारी ग्लानी, चिडचिड, डोकेदुखी यामागे अपुरी झोप, रक्तक्षय, कमी पाणी पिणं किंवा थायरॉइड जास्त वेळा सापडतं. चॉकलेट खाऊन ते झाकलं की मूळ कारण तसंच राहतं.

स्नायूंबद्दल आपल्याकडे बोललं जातं त्याहून पुष्कळ जास्त बोलायला हवं. जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यांना त्यासाठी इन्सुलिनची परवानगी लागते, पण स्नायू आकुंचन पावत असले की ग्लुकोज आत नेणारी प्रथिनं इन्सुलिनशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. ज्याच्या शरीरात इन्सुलिन नीट चालत नाही त्याच्यासाठी ही मागची वाट फार मोलाची आहे, कारण ती सहसा बंद पडत नाही. शतपावलीचं शास्त्र एवढंच आहे. जेवून उठल्यावर दोन-पाच मिनिटं सावकाश चाललं तरी साखरेचा चढ कमी होतो असं २०२२ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. दहा-पंधरा मिनिटं चाललं तर आणखी चांगलं. सकाळी तासभर फिरून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला हे कळणं जरुरीचं आहे. आणि चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. त्यांना वजन उचलायला लावावं लागतं: उठाबशा, जोर, जिने, पाण्याची भरलेली कळशी. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांना हे कुणी सांगतच नाही. त्यांना सांगितलं जातं ते ‘भात सोडा’.

झोप ही या सगळ्यात दुर्लक्षित. शिकागोतल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर एवढ्यात त्यांची ग्लुकोज सांभाळण्याची ताकद वयस्क माणसांसारखी झाली. जेवण नेहमीचंच, वजन तेच, वय विशी-पंचविशीचं. रात्रपाळीचे कामगार, परिचारिका, पोलीस, परदेशी वेळेवर काम करणारी आयटीतली मुलं यांच्या साखरेबद्दल बोलताना नुसता आहारतक्ता हातात देणं मला अन्यायाचं वाटतं. ताणतणावातही असंच होतं. कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन यकृताला साखर सोडायला सांगतात, पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी. आणि माणूस मात्र गाडीत अडकून बसलेला असतो.

आता दंडावर बिल्ल्यासारखं चिकटवायचं, पंधरा दिवस साखर मोजत राहणारं यंत्र मिळतं. टाइप-१ मधुमेहाच्या मुलांसाठी, इन्सुलिनवर असणाऱ्यांसाठी ते वरदान आहे. रात्री तीनला साखर उतरली तर आईला जाग आणणारं यंत्र किती मोलाचं असतं ते त्या घरांना विचारावं. मधुमेह नसलेल्यांनी मात्र ते लावून प्रत्येक चढावर घाबरावं याला आज पुरेसा आधार नाही. २०१९ मध्ये निरोगी लोकांना अशी यंत्रं लावून पाहिलं तेव्हा दिवसातला सुमारे ९६ टक्के वेळ साखर ७० ते १४० च्या दरम्यान होती. म्हणजे उरलेल्या थोड्या वेळात ती त्या चौकटीबाहेर जाते, आणि ते आजारपण नव्हे. पोळी खाल्ल्यावर साखर १४५ झाली म्हणून पोळी सोडून तळलेलं खाणारा माणूस आलेख सपाट करतो, हृदय वाचवत नाही.

साखर जास्त राहिली तर बिघडतं काय? वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आणि घात तिथेच होतो. हिमोग्लोबिनला चिकटणारं ग्लुकोज इतर प्रथिनांनाही चिकटतं. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि पायाच्या नसा यांच्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात, मग हृदयाच्या आणि मेंदूच्या मोठ्या. क्षयरोगाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, म्हणून आता क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासण्याचा नियम आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासाने सुरुवातीपासून साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा पक्का केला. पण अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक, वयस्क आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या मधुमेहींपैकी निम्म्यांचा एचबीए१सी औषधांनी ६ च्या खाली रेटायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि तो भाग २००८ साली मुदतीआधी थांबवावा लागला. पंचाहत्तरीतल्या आजोबांचा आकडा तिशीतल्या नातवाएवढा आणण्याचा हट्ट म्हणूनच धरू नये.

टाइप-२ मधुमेह मागे हटू शकतो, हे आता सिद्ध आहे. ब्रिटनमधल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानाला सहा वर्षं न झालेल्या लोकांना काही महिने जेमतेम साडेआठशे उष्मांकांवर ठेवलं. वर्षअखेर ४६ टक्के जण औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते, आणि पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं, कारण वजन परत चढलं. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही हेच वेगळ्या वाटेने साधतात. ती घेताना स्नायूही झिजतात आणि बंद केल्यावर वजन परत येतं, हे विकत घेण्याआधी माहीत असावं.

‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशा जाहिराती मात्र टाइप-१ च्या मुलांच्या आईबापांपर्यंतही पोहोचतात. त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, आणि त्यात त्यांच्या किंवा घरच्यांच्या खाण्याचा काही दोष नसतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवली जात. आज काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊन मूल दगावू शकतं. यात दुसरं मत नाही.

आणि गरोदर स्त्रिया. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रह धरलेली तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे: स्त्री उपाशी असो वा जेवलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं, १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. पहाटे उपाशीपोटी दोन गाड्या बदलून येणं जिला शक्य नाही, तिच्यासाठी हे मोठं काम झालं. पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा पाहायची असते आणि पुढे दरवर्षी, कारण तिला टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या कितीतरी पट जास्त असते. ही तपासणी सहसा होतच नाही. घरातली सगळी विचारपूस तोवर बाळाकडे वळलेली असते. बाळाची पेंटाव्हॅलंट लस दीड महिन्यालाच असते, त्या दिवशी आई केंद्रावर येतेच. लसीच्या कार्डावर तिच्या साखरेचा एक रकाना छापला आणि तिथेच तिला ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तास बसवलं, तर तिच्यासाठी वेगळी खेप करावी लागणार नाही, आणि पुढचं मूल पोटात वाढायला लागेल त्याआधी तिच्या रक्तात काय चाललं आहे ते कळलेलं असेल.